काकूंच्या शटरमध्ये गेलेली बांधी

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही. शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळत नव्हतं, आता तर विचारूच नका. चुकलं असेल तिथे समजून घ्या. चार माणसांत बोलायची मला लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते आहे.

आमच्या घरमालकीण काकू न विचारता लोकांच्या घरातलं ओळखायच्या. भंडाऱ्यात त्यांचं घर रस्त्याला लागून होतं आणि मागच्या अंगाला आमची एक खोली. सकाळी सूप घेऊन त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसत. हात खडे काढत, पण डोळे गल्लीवर असत. मी नळावरून पाणी घेऊन आले की हाक यायची, "वो पवनीवाली, इकडं ये." माझं माहेर पवनीजवळचं, म्हणून मी पवनीवाली. माझं खरं नाव त्यांना कधी लागलंच नाही.

"पायलं का? मास्तराच्या घरी पोट्ट्याचे कपडे नाही वाळून राहिले. गेला वाटते पुण्याले."

"तुमाले कोणं सांगतलं काकू?"

"दोरीनं सांगतलं."

आणि ते खरं निघायचं. कोणाच्या दारातल्या चपला कमी झाल्या, कोणी पाण्याची पितळी गुंडी मोडून प्लास्टिकची टाकी आणली, कोणी सडा टाकायचं सोडून दारात चिकटवायची रांगोळी लावली, हे सगळं त्यांना दिसायचं. दूधवाल्याला तर त्या सोडतच नसत. "पानी तं आमच्या नळाले बी येते रे बाप्पा, थे तुह्यापासून कायले इकत घेऊ?" दूधवाला हसायचा आणि पळीभर जास्त घालायचा. मग काकू मला हळूच सांगायच्या की अमक्या घरी अर्ध्या लिटरचं पाव लिटर झालं, तिथे आता उसनं मागायला जाऊ नको. मला त्या बाईचं फार कौतुक होतं. गल्लीत माझ्याशी रोज बोलणारं दुसरं कोणी नव्हतंच.

आमचं घरही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. माझा नवरा भांड्यांच्या कारखान्यात होता. निळा शर्ट, आणि त्याच्यावर रोजचा काळा मळ. एके दिवशी मी शर्ट दोरीवर टाकत होते तर काकू म्हणाल्या, "काहून वो, तुह्या नवऱ्याच्या शर्टाले आठ दिवसांपासून काळं नाही लागून राहिलं?" मी शर्ट परत उलटसुलट करून पाहिला. खरंच साफ होता. संध्याकाळी नवऱ्याला विचारलं तेव्हा तो खाली बसला. कारखाना बंद झाला होता. तो रोज डबा घेऊन निघायचा आणि बस स्टँडवर बसून परत यायचा. मला सांगायचा धीर झाला नव्हता. पुढे त्याला राइस मिलमध्ये पोती उचलायचं काम मिळालं आणि मी दोन घरी पोळ्या करायला जाऊ लागले. गल्लीतले निळे शर्ट एकेक करून दोरीवरून गेले. काकू ते मोजत नसत, पण प्रत्येक वेळी जीभ चुकचुकवायच्या.

दर वर्षी धान निघालं की माझे भाऊ एसटीच्या टपावर टाकून माझ्यासाठी तांदळाची पोती पाठवत. आमच्या गल्लीत ज्याची ज्याची गावाला शेती होती, त्याच्या दारात तेव्हा पोती उतरायची. काकूंचं म्हणणं होतं की पोती थांबली की त्या घरची शेती गेली समजायचं, मग ते कितीही नवे पडदे लावोत. एका वर्षी माझी पोती आली नाहीत.

"माहेरचे तांदूळ नाही आले वो यंदा?"

मी मान खाली घातली.

"सही करून आली का?"

मी हो म्हटलं. भावांनी तहसीलला नेलं होतं आणि हक्क सोडल्याची सही घेतली होती. तलावाखालचं धानाचं शेत, चांगली बांधी होती ती, दर वर्षी धान देणारी. माझ्या वाट्याचे म्हणून त्यांनी चाळीस हजार रुपये दिले, वहिनीनं साडी नेसवली, आणि तांदूळ बंद झाला. हे मी आईलाही नीट सांगितलं नव्हतं. काकूंना सगळं सांगितलं. पैसे कुठे ठेवलेत तेही सांगितलं.

नवऱ्याच्या मनात खात रोडला प्लॉट घ्यायचा होता. तेव्हा तिकडे गावाबाहेर धानाच्या बांध्याच होत्या आणि तेवढ्या पैशात छोटासा प्लॉट मिळत होता. तो इसार द्यायला निघाला त्या सकाळी काकूंनी त्याला ओट्यावरच अडवलं.

"जावईबापू, तिथं कोल्हे वरडतात. प्लॉट घेसान, मंग घर कायनं बांधसान? मातीनं?"

"हळूहळू बांधू काकू."

"हळूहळू म्हातारे होसान. माह्यापाशी ठेवा पैसे. आजपासून खोलीचं भाडं देऊ नका. जाल तवा पूर्ण घेऊन जा. मी काय पळून चालली का?"

नवरा माझ्याकडे पाहत होता. मला भाड्याची धास्ती होती. महिना संपत आला की मी डब्यातले पैसे परत परत मोजत बसायचे. आणि काकूंना माणसाचं भलंबुरं कळतं असं मला वाटत होतं. मी म्हटलं, काकू बरोबर म्हणतात. कागद केला नाही. कागद मागणं म्हणजे त्यांना तोंडावर चोर म्हणण्यासारखं झालं असतं.

महिनाभरात काकूंनी त्या पैशांतून पुढची खोली फोडली. तोवर गल्लीत कोणी भिंत पाडून शटर बसवलं की त्या हसायच्या. म्हणायच्या, "बसाची खोली इकली, आता पाव्हण्याले बसवसान कुठं, काउंटरवर?" आता त्यांच्याच घराला शटर लागलं. आधी मोबाईलवाला आला, मग झेरॉक्सवाला, मग केकवाला. त्या गाळ्याच्या भाड्यावर काकूंचं घर चाललं. मुलगा नागपूरला होता, तो पैसे पाठवत नव्हता, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मी ओळखलं होतं. रोज सकाळी ते शटर खडखडत वर जायचं तेव्हा माझी बांधी वर जाते आहे असं मला वाटायचं.

काकूंना दोष देताना हेही लिहायला पाहिजे की आम्ही इतकी वर्षं बिनभाड्यानं राहिलो. माझ्या पोरीचं बाळंतपण त्याच खोलीत झालं आणि काकूंनी स्वतःच्या हातानं लाडू वळून दिले. हिशेबाला बसलं तर त्यांची चूक निघणार नाही. पण खात रोडला आम्ही पाहिलेल्या जागेवर आता मंगल कार्यालय आहे. गल्लीतली निम्मी लग्नं तिथेच होतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा नवरा पंगतीत पोटभर जेवला आणि बाहेर येऊन म्हणाला, "चाल, आपल्याच घरी जेवलो." मी हसले नाही. तोही हसला नाही. नंतर तिथल्या प्रत्येक लग्नातून परत येताना तो हेच म्हणायचा.

गल्ली बदलली तशा काकू गप्प होत गेल्या. दोन्हीकडे फ्लॅट झाले. कपडे वर गच्चीवर नाहीतर आतल्या बाल्कनीत गेले. दारांना कॅमेरे लागले, दूध पिशवीतून आलं, आणि दिवसभर मोटारसायकलवरची पोरं बंद खोकी देऊन जाऊ लागली. काकू त्या खोक्यांकडे बघत राहायच्या. "आत काय हाये थे समजतच नाही वो," असं एकदा म्हणाल्या, ऐकायला कमी येऊ लागलेलं माणूस बोलतं तसं. नवीन लोक त्यांना पाहून गाडीची काच वर करायचे. त्यांच्या सुपातले तांदूळही आता दुकानातल्या पिशवीतले, त्यात खडे नसायचेच. तरी त्या निवडत बसायच्या.

मागच्या दिवाळीला काकूंनी घराला चुना लावला नाही. भिंतीवरचे पोपडे तसेच राहिले. पावसानं फुटलेलं कौलही बदललं नाही. मी पोळ्यांच्या कामावरून येताना उभी राहून पाहिलं आणि समजले. विकायच्या घराला कोणी रंग लावत नाही. नवऱ्याला म्हटलं, "घराचा सौदा झाला." तो म्हणाला, "काकू सांगतल्याशिवाय राहतीन का?" आम्ही वाट पाहिली. काकू रोज हाक मारायच्या, दुधाचं बोलायच्या, माझ्या गुडघ्याचं विचारायच्या, घराचं सोडून सगळं बोलायच्या. तुळशीचं लग्न झालं तरी सांगितलं नाही. शेवटी मोजमाप करायला आलेल्या माणसांनी आमच्या खोलीत टेप लावला, तेव्हा कळलं. तिथे खाली दुकानं आणि वर फ्लॅट होणार होते. आम्हाला महिनाभरात खोली सोडायची होती.

त्या महिन्यात मी खोल्या शोधत फिरले. खात रोडला तर जायचंच नाही असं ठरवलं होतं. दुसरीकडे कुठेही एका खोलीचं भाडं विचारलं की कळायचं, आमच्या चाळीस हजारांत वर्षभराचं भाडं जेमतेम निघेल. मग पुढे काय, ते दिसत नव्हतं.

जायच्या दिवशी काकूंनी पुढे बोलावलं. त्यांचा मुलगा नागपूरहून आला होता, तो फोन काढून म्हणाला, "ताई, नंबर सांगा, आत्ता टाकतो."

काकू त्याच्यावर ओरडल्या. "फोनवर नको. तिनं हातात देल्ले होते, तू हातात दे."

तो बँकेत जाऊन नोटा घेऊन आला. काकूंनी मला कुंकू लावलं आणि नोटा माझ्या ओंजळीत ठेवल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं.

"मोज."

"राहू द्या काकू."

"मोज वो. उद्या कोणाले बोलाले जागा नको."

मी मोजायला लागले. नवरा फाटकाबाहेर हातगाडीजवळ उभा होता, आत आला नाही. मनात एक वाक्य तयार करून आले होते. काकू, तुम्हाला सगळ्यांच्या घरातलं कळत होतं, मग खात रोडच्या जागेचं पुढे काय होणार हेही कळलं असेल ना. त्या वाक्यापायी आकडा चुकला, म्हणून मी नोटा परत पहिल्यापासून मोजल्या.

"बरोबर हायेत ना?" काकूंनी विचारलं. "माह्याकडं कोणाचं काही राह्यलं नाही पाहिजे."

"हो काकू," मी म्हटलं. "पूर्ण आहेत."