पाणकरांचा राखीव दम

आमच्या गावात पाणकरांची फुंकर प्रसिद्ध होती, कारण ती नेहमी अर्धीच असायची. चूल पेटत नसली तर बाकीचे लोक गाल फुगवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर फुंकतात. पाणकर दोन छोट्या फुंकरी मारायचे, थांबायचे, पुन्हा दोन मारायचे. हसण्याचाही तोच प्रकार. सगळे पोट धरून हसत असताना हे एकदाच 'हा' करून तोंड मिटायचे आणि उरलेलं हसू डोळ्यांनी हसायचे. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे काकू म्हणायचो, वैतागून विचारायची, "येवढा दम कोनासाठी वाचवून ठेवून राहिले तुमी?" पाणकर म्हणायचे, "तलावासाठी."

पाणकर हे त्यांचं नाव नव्हे, काम. अड्याळच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाचं सगळं धान जुन्या तलावाच्या भरवशावर. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, आतल्या बाजूला, पाण्याखाली, दगडी तोंड आहे. त्याला तुडुम म्हणतात. त्याच्या भोकात लाकडाचा डट्टा ठोकलेला असतो. तो उपटला की पाणी कालव्यात जातं, पण उपटणाऱ्यालाही सोबत ओढू बघतं. बुडी मारून डट्टा काढायचा आणि पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, किती वेळ जाईल ते ठरवायचं, ही दोन्ही कामं गावाने पाणकरांना दिलेली. मध्यंतरी तिथे लोखंडी दार बसवलं होतं. दुसऱ्याच वर्षी ते गंजून अडकलं आणि लोक पुन्हा पाणकरांच्या दारात आले. "लोखंडाले पोहता येत नाही," असं म्हणून ते टॉवेल घेऊन निघाले.

पाणी वाटण्याची त्यांची रीत अनेकांना खुपायची. कालव्याच्या तोंडाशी गावातल्या मोठ्या घरांच्या बांध्या, आणि अगदी शेवटी आमच्या बौद्ध वस्तीच्या. पाणकर आधी शेवटच्या बांधीत पाणी पोचवायचे आणि मग वर यायचे. एकदा कोणीतरी पाळीवर येऊन आवाज चढवला. पाणकर म्हणाले, "शेवटच्याले पोचलं मंजे तुमच्या बांधावरूनच गेलं ना? पाहून घ्या, जाता-जाता ओलं झालंच असन." माझे बाबा हा किस्सा सांगताना हसायचे. आमच्या घरात पाणकरांना एकेरी हाक मारायची कोणाची हिंमत नव्हती.

मला पोहायला त्यांनी शिकवलं. मुलीने तलावात उतरायचं, तेही आमच्या वस्तीतल्या, यावर जी काही कुजबुज व्हायची ती झाली. पाणकरांच्या कानात बहुतेक पाणी गेलेलं असावं. त्यांचा नियम एकच होता. बुडी मारून वर आलं की ताबडतोब आपलं पूर्ण नाव मोठ्याने सांगायचं. धापा टाकत अर्धंच नाव आलं की ते पुन्हा खाली पाठवायचे नाहीत, घरी पाठवायचे. "सगळा दम खर्च करून आली तू. खाली पाय अडकला असता त काय केलं असतं? मूठभर दम कोनालेच द्याचा नाही. पान्याले नाही, देवालेबी नाही." ते स्वतः सांगायचे की पन्नास वर्षांत तो मूठभर दम त्यांनी कधीच सोडला नाही. आता तर सोडू म्हटलं तरी सुटत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. माणसाला एखादी गोष्ट ठाऊक असून काय उपयोग, ती वेळेवर आठवली पाहिजे.

पुढे मी भंडाऱ्याला शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पाणकर मला मास्तरीणबाई म्हणू लागले आणि कागदपत्राचं प्रत्येक काम माझ्याकडे यायला लागलं. दोन वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत ते बांधावरून घसरले आणि बरगडीला मार लागला. मी त्यांना भंडाऱ्यात एक्स-रेला नेलं. बरगडी धड होती. वर, उजव्या फुप्फुसात, एक डाग होता.

मग नागपूर, स्कॅन, सुईने काढलेला तुकडा. कॅन्सर निघाला, पण अगदी सुरुवातीचा. गाठ लहान, कुठे पसरलेली नाही. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी कागदावर फुप्फुस काढून दाखवलं. "दोन रस्ते आहेत. ऑपरेशन करून गाठीसकट फुप्फुसाचा हा भाग काढायचा. किंवा नेमक्या गाठीवर रेडिएशनचे मोजके डोस द्यायचे, चिरफाड नाही. तब्येत झेपत असेल तर मी ऑपरेशन सुचवते. पण उरलेल्या फुप्फुसावर त्यांना जगता आलं पाहिजे. आधी श्वासाची ताकद मोजू."

पाणकरांचं मत तिथल्या तिथे ठरलं होतं. "डट्टा सडला त काढून फेकाचा. जाग्यावर ठेवून कोनी जाळते का?" काकू मात्र गावाहून निघतानाच माझा हात धरून म्हणाली होती, "आंगाले सुरी नको लागू देजो, बाई." तिची आई ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नव्हती.

श्वासाच्या तपासणीला मी त्यांच्या शेजारी बसले होते. तोंडात नळी, नाकाला चिमटा. मशीनवरचा माणूस घाईत होता, हिंदीत भराभर सांगत होता. पाणकर माझ्याकडे बघायचे. मी म्हटलं, "काकाजी, दम भरा आन् जोरानं फुका." त्यांनी फुंकलं. तीनदा फुंकलं. तिन्ही वेळा आकडा जवळजवळ सारखाच आला, म्हणून तपासणी नीट झाली असं धरलं गेलं. आणि तो आकडा फार कमी होता. ऐन तरुणपणी त्यांनी वीस वर्षं बिडी ओढली होती, त्यामुळे कोणालाच नवल वाटलं नाही. मलाही नाही. मी शाळेत फुप्फुसं शिकवते, फुगे लावून त्यांचा नमुना करून दाखवते. त्या दिवशी मी त्या मशीनवर विश्वास ठेवला, आणि शेजारी बसलेल्या माणसाला विसरले.

डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहून नकारार्थी मान हलवली. पाणकरांनी विचारलं, "मी तुमचा बाप असतो त काय केलं असतं?" त्या म्हणाल्या, "या श्वासावर मी माझ्या बाबांना ऑपरेशनला पाठवलं नसतं." पाणकर तरी अडून बसले. मग मी त्यांच्यावर चिडले. "काकाजी, तुमचा दम आता पहिलेसारखा नाही राहिला. तलावातला हट्ट इथं नका करू." ते माझ्याकडे बघत राहिले. तसं मला त्यांनी आधी कधीच बघितलं नव्हतं. म्हणाले, "माहा दम कमी भरला का, मास्तरीणबाई?" मी हो म्हटलं. त्यांनी रेडिएशनच्या कागदावर सही केली.

रेडिएशन सोपं गेलं. थोडा थकवा आला, बस. पण गावी परतल्यावर पाणकर तलावाकडे फिरकले नाहीत. धान निसवायला आलं आणि पाण्याची गरज पडली, तेव्हा लोक बोलवायला आले. ते म्हणाले, "माहा दम संपला. मशीननं सांगलं." दोन जवान पोरांनी मिळून कसाबसा डट्टा काढला. पाणी अर्थातच आधी मोठ्या बांध्यांना गेलं. पाणकर ओसरीत बसून राहिले. ज्या गोष्टीवर माणूस आयुष्यभर उभा राहिला, ती आपल्याकडे नाहीच असं त्याला एका कागदाने सांगितलं, आणि त्या कागदाची साक्षीदार मी होते.

पहिले दोन स्कॅन चांगले आले. तिसऱ्याच्या वेळी त्यांना चालताना धाप लागत होती, म्हणून श्वासाची तपासणी पुन्हा सांगितली. या खेपेला मशीनवर एक गोंदियाकडची मुलगी होती, आवाज खणखणीत. "सोडा बाबाजी, सोडा, सोडा, अजून सोडा! थांबता काहून? पोटात ठेवू नका, पुरा खाली करा!" पाणकर नळी काढून गोंधळून म्हणाले, "पुरा?" ती म्हणाली, "त मंग! पुराच लागते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मास्तरीणबाई, पुरा दम सोडाचा असते का इथं?"

मूठभर दमाचा त्यांचा नियम मला आत्ता आठवला; मी म्हटलं, "हो काकाजी, पुरा." त्यांनी डोळे मिटले, खुर्ची घट्ट धरली आणि फुंकलं. घामाने ओले झाले, पण फुंकलं. इतक्या आजारपणानंतरसुद्धा आकडा पहिल्यापेक्षा कितीतरी वर गेला. मुलगी खूश झाली. त्याच दुपारी स्कॅनचा रिपोर्ट आला. कॅन्सर यकृतात आणि पाठीच्या मणक्यात पोचला होता.

मी डॉक्टरीणबाईंना एकटीने गाठून सगळं सांगितलं. त्यांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून आकडे पुन्हा वाचले. म्हणाल्या, "हा आकडा तेव्हा असता तर मी ऑपरेशनच सुचवलं असतं. पण त्याने ते बरे झालेच असते असं मी सांगू शकत नाही. ऑपरेशननंतरही हा आजार परत येतो, आणि रेडिएशनने अनेक जण बरे राहतात." त्या खरं बोलत होत्या. त्या खऱ्याने मला एक रात्रसुद्धा झोप दिलेली नाही.

परतताना वैनगंगेवरचा कारध्याचा पूल ओलांडल्यावर पाणकरांनी गाडी थांबवायला लावली. चहा घेतला. मी तोंड फिरवून रडत होते. ते म्हणाले, "तू काहून रडून राहिली? माहा दम कमी नव्हता. येवढं त समजलं." मी म्हटलं, "काकाजी, मी शेजारी बसली होती. मले माहीत होतं तुमी दम राखता. मी सांगाले पाहिजे होतं." त्यांनी कप खाली ठेवला. "तू सांगलंच होतं, जोरानं फुका मनून. मीच राखला. सवयीनं राखला. आता त्या पान्यात दोघंबी नको बुडू." मग नदीकडे बघत म्हणाले, "तुह्या काकूले यातलं काही सांगू नको. तिले वाटते, जे झालं ते चांगल्यासाठीच झालं. तसंच राहू दे." मी शब्द दिला. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे होतंच काय?

पाणकर त्यानंतर चार महिने होते. शेवटी शेवटी बोलणं दोन शब्दांवर आलं होतं. जायच्या दिवशी सकाळी काकू त्यांच्या उशाशी होती, मी पायाशी. एक लांब श्वास बाहेर आला, मग आणखी लांब, आणि मी अजून एक येईल म्हणून वाट बघत राहिले.

मी दर महिन्याला काकूकडे जाते. ती चहा ठेवते, मला जवळ बसवते आणि न चुकता माझा हात हातात घेते. "बाई, तुह्यामुळं ते सुरीपासून वाचले. डाक्टरसमोर तू अडून बसली नसती त त्यायनं आयकलं नसतं. आंगावर एक टाका नाही पडला माह्या मानसाच्या. अख्खे गेले. तुहे उपकार मी या जन्मी नाही फेडू शकत."

"हो काकू," मी म्हणते. चहा घेते. पुढच्या महिन्यात पुन्हा जाते.