आधी शेवट पाहिलेला सिनेमा

बाळांनो, मागच्या आठवड्यात तुम्ही तिकडे आणि मी इकडे, एकाच वेळी तो नवा सिनेमा लावून बसलो होतो. शेजारी फोन उभा करून ठेवला होता. तुम्ही सिनेमा कमी आणि मलाच जास्त पाहत होतात, हे मला त्यात दिसत होतं. त्या अवाढव्य यानाच्या भिंतीतून तो चिकट प्राणी बाहेर आला तेव्हा धाकटीनं उशीत तोंड खुपसलं आणि मी चहाचा घोट घेतला. संपल्यावर थोरल्यानं विचारलं, "आजी, तुला भीती कशी नाही वाटली? झोपली होतीस का?"

झोपले नव्हते. सगळा पाहिला. पैसा ओतला आहे आणि तो दिसतोही. दुसऱ्या ग्रहावरचं ते वादळ तर मी नंतर पुन्हा एकदा पाहिलं. पण तूच आधी सांगितलं होतंस की ही गोष्ट अलीकडे काढली असली तरी घडते जुन्या सिनेमाच्या आधी. त्या प्राण्याचं पुढे काय होतं ते त्या सिनेमात येऊन गेलं आहे, माणसं त्याला मारतात. म्हणजे मला शेवट ठाऊक होता. त्यामुळे तो जन्मला तेव्हा मला भीती वाटली नाही, वाईट वाटलं. हे फोनवर सांगितलं तर तुम्ही हसलात. म्हणून आता लिहायला बसले. तुमची आई वाचून दाखवेल.

मला शेवगावला दिलं ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, दुष्काळाची वर्षं. मी नगरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते. सासरी शेती होती. तिथल्या हायस्कुलात इंग्रजीचा शिक्षक टिकत नव्हता. एक दिवस हेडमास्तर स्वतः घरी आले आणि म्हणाले, "तुमच्या सूनबाईंना जूनपासून पाठवा." मला जायचं होतं. पुस्तकं ट्रंकेतून काढून मी त्यांना पुन्हा कव्हरंही घातली होती. तुमच्या आजोबांची हरकत नव्हती, पण वडिलांपुढे बोलायची त्यांची पद्धत नव्हती. निर्णय मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. ते वाईट नव्हते. त्यांची अडचण एकच: घरची सून चारचौघांत मोठ्यानं बोलणार कशी?

आमच्या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नसे. मी समोर उभी असले तरी मामंजी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगत, "तिला म्हनावं, च्यात साखर लई झाली." आत्याबाई माझ्याकडे वळून म्हणत, "च्यात साखर लई झाली म्हनत्यात." मी त्यांना सांगायची, उद्या कमी घालते. ते त्या मामंजींना सांगायच्या. तिघंही हाताच्या अंतरावर. नोकरीचा निरोपही असाच आला: "तिला म्हनावं, आइतवारी सांगतो."

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही सगळे तंबूत सिनेमाला गेलो. बाजारतळामागे फिरती टॉकीज आली होती. खाली जमीन, बसायला घरून आणलेलं पोतं, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत कापड टांगलेलं: अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. त्या आठवड्यात इंग्रजी सिनेमा होता. इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, पण आकाशातून राक्षस पडतो असं टांग्यावरून ओरडून सांगितलं होतं, तेवढ्यावर तंबू भरला. दिवसभर खडी फोडून आलेल्या बायकाही होत्या.

एकच सिनेमा दोन गावांत चालायचा आणि रिळांचे डबे मोटारसायकलवरून इकडून तिकडे जायचे. त्या संध्याकाळी उत्तरार्धाचे डबे आधी आले आणि मशीनवाल्यानं तेच लावले. सुरू होताच साहेबलोक मशाली घेऊन धावत होते. घोड्याएवढा, खवल्यांचा तो प्राणी एका गोदामात शिरला, त्यांनी गोदाम पेटवलं, प्राणी जळाला. बायकांनी समाधानानं शेंगा फोडल्या. मग पडद्यावर 'दि एंड' ही अक्षरं आली आणि त्यापाठोपाठ मध्यंतर झालं.

मध्यंतरानंतर आकाशातून एक गोळा पडला आणि त्यातून मांजराएवढं, खवल्यांचंच पिल्लू बाहेर आलं.

"ह्यालाच मघाशी जाळला न्हवं?" माझ्या पुढची बाई म्हणाली.

"त्यो बाप हुता. ह्यो त्याचा ल्योक. आता सूड घेतोय बघ."

"आगं पर त्या सायबाचा हात मोडल्याला हुता की! त्याची पट्टी कुटं गेली?"

"बरा झाला आसंल. इंग्रजी दवाखाना त्यो."

मी आत्याबाईंच्या कानाशी लागून सांगितलं की शेवट आधी दाखवला आहे, ही सुरुवात आहे.

"म्हंजी त्यो अजून मेला न्हाई?"

"नाही. मरेल. पण ते आपण पाहून झालं."

"आसं व्हय! मग सांग की समद्यास्नी. तोंड शिवलंय का तुजं?"

"मामंजी पलीकडे बसलेत."

"बसू दे. मदी कापड हाय की."

मी आधी पुढच्या दोन रांगांना सांगितलं, मग मागच्यांना. पडद्यावरचे साहेब काय बोलतात तेही सांगू लागले. तेवढ्यात कापडापलीकडून कुणी ओरडलं, "ओ बाई, मशीनचा आवाज लई हाय, जरा मोट्यानं!" मी उभी राहिले. उद्याचा रविवार डोक्यात होता, पण गोष्ट पुढे चालली होती आणि मध्येच थांबता येईना. त्या पिल्लाला काचेच्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. ते काय करतं ते पाहायला साहेब त्याला विजेचे झटके देत होते, आणि दर झटक्याला ते थोडं मोठं होत होतं. तंबूत शेंगांचाही आवाज येईना. ते पुढे कुठे जाऊन जळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"आरं सोडा की त्याला! मुकं जनावर त्ये!" पलीकडून एक आवाज आला. तो मामंजींचा होता.

घरी जाताना मामंजी नेहमीप्रमाणे चार पावलं पुढे चालले. मला वाटलं, शाळेचं संपलं आता.

सकाळी चहा घेताना ते आत्याबाईंना म्हणाले, "तिला इचार, त्यो म्हातारा सायब पिंजऱ्यापाशी काय बोलला. मग लोकं कालवा कराया लागली, ऐकू आलं न्हाई."

आत्याबाई चुलीपुढून हलल्या नाहीत. "तुमीच इचारा. काल आर्ध्या गावाशी बोलली ती. त्यात तुमी न्हवता व्हय?"

"मदी कापड हुतं."

"मग लुगडं आनू का? धरते मदी!"

मामंजींनी बशी खाली ठेवली. दाराबाहेर पाहत, पण मला, ते म्हणाले, "काय म्हनला त्यो?"

"ह्याला खायला काय लागतं ते कुणी पाहिलं का, असं विचारलं त्यानं," मी म्हणाले. "कुणी उत्तर दिलं नाही."

"न्हाईच बघितलं कुनी." त्यांनी बशी पुन्हा उचलली. "सरळ दावला आसता तर आपुनबी जाळा जाळा म्हनलो आसतो."

"हो."

"पोरांना आसंच सांगनार का तितं, वर्गात?"

"असंच सांगेन."

"तितं कापड नसतंय."

"नसतं, मामंजी."

"समद्या गावानं ऐकलंच हाय आता," आत्याबाई चुलीकडे पाहत म्हणाल्या. "झाकायचं काय ऱ्हायलंय?"

मामंजींनी उरलेला चहा संपवला आणि पटका उचलला. "हेडमास्तराला सांगून येतो," ते मलाच म्हणाले.

त्यानंतर शाळेबद्दलचं ते माझ्याशी थेट बोलत. बाकीचं सगळं आत्याबाईंमार्फतच चालू राहिलं, शेवटपर्यंत.

तुमचा सिनेमा पाहताना मला तोच प्रश्न पडला होता, बाळांनो, की त्या प्राण्याला खायला काय लागतं ते इतक्या हुशार माणसांतल्या एकानंही का पाहिलं नाही. तुम्हाला सापडलं तर मला सांगा, माझ्या नजरेतून सुटलं असेल.

त्या इंग्रजी सिनेमाचं नाव मी विसरले. तंबू गेला, मामंजी गेले, आत्याबाईही गेल्या. शाळा आहे. ती अजून जूनमध्ये भरते, आणि तिथे आठवीला इंग्रजी शिकवते ती माझ्या वर्गात शिकलेली मुलगी आहे.