काकांच्या दोन खुर्च्या

त्या वर्षांत अर्धा देश भिलाईला लोखंड ओतायला जमला होता. बायबलातल्या यशया संदेष्ट्यावरचं भांडण मिटवायला आलेले मात्र एकटे आमचे समोरच्या क्वार्टरमधले काका. पगार ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढण्याचा, जीव सगळा हिब्रू पोथीत. विदर्भातल्या मिशनच्या शाळेत वाढलेले हे ख्रिस्ती गृहस्थ हिब्रू शिकले ते दुर्ग स्टेशनावर, एका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, रेल्वे गार्डाकडून, दोन मालगाड्यांच्या मधल्या वेळात. हिब्रूसारखं उजवीकडून वाचायची इतकी सवय जडली की वर्तमानपत्रही ते शेवटच्या पानापासून उघडत. कॅन्टीनचा ठेकेदार मापात मारू लागला तेव्हा त्यांनी त्याला बजावलं, "खोट्या तराजूवाल्यायले आमोस सोडत नाही." आमोस हाही बायबलातलाच संदेष्टा; ठेकेदाराला वाटलं, नवा इन्स्पेक्टर, आणि आठवडाभर वरण घट्ट होतं. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी झालो तो त्यांच्याच टेबलाशी बसून, आमोस, यिर्मया यांच्या गदारोळात, आणि ते उपकार मी विसरलेलो नाही.

यशयाच्या पुस्तकात मार खाणारा, मुकाट सोसणारा एक सेवक आहे. तो कोण, यावर काका आणि गार्ड वर्षानुवर्षं भांडले. काका म्हणत, येशू. गार्ड म्हणत, आमची सगळी यहुदी जमात. पुढे गार्ड बिऱ्हाड आवरून इस्राएलला गेले, पण त्यांची वेताची खुर्ची काकांनी जागची हलू दिली नाही. आपलं म्हणणं मांडून झालं की ते उठून त्या खुर्चीत बसत आणि गार्डाच्या बाजूने स्वतःलाच झापत. काकू म्हणायच्या, एक नवरा सांभाळताना जीव जातो, इथं दोन झाले.

अशातच त्यांच्या मुलीला स्थळ आलं. ती शाळेत शिकवायची. मुलगा तिला मनापासून पसंत होता. मुलाचे वडील नागपूरच्या चर्चमधले वजनदार गृहस्थ. ते बोलणी करायला येणार म्हटल्यावर काकूंनी काकांकडून वचन घेतलं की आज संदेष्टे घरात येणार नाहीत. माझ्याकडे काम दिलं, विषय निघालाच तर खोकायचं.

पाहुणे आले आणि नेमके वेताच्या खुर्चीत बसले. काकूंचा चेहराच उतरला. भट्टीचं काम, नागपूरचं ऊन असं सुरळीत चाललं होतं. मग पाहुणे सहज बोलून गेले की यहुद्यांना स्वतःचंच शास्त्र वाचता आलं नाही, आंधळे लोक. मी खोकलो. काकांनी बशी खाली ठेवली. मी आणखी जोरात खोकलो, तेव्हा पाहुण्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. काका उभे राहिले.

"उठा साहेब. त्या खुर्चीत बसून हे बोलता येत नाही."

पाहुणे गोंधळून उठले. काका तिथे बसले आणि गार्डाचं सगळं म्हणणं त्यांनी मांडलं: तो सेवक म्हणजे देशोधडीला लागलेली, मार खाल्लेली, तरी देवाचं नाव न सोडलेली जमात. दारात मुलगी पदर मुठीत धरून उभी होती. मग काका आपल्या खुर्चीत परतले.

पाहुण्यांनी थंडपणे विचारलं, "तुमचा विश्वास कोणत्या खुर्चीत आहे?"

"ह्याच खुर्चीत. पण ती रिकामी ठेवून इथं बसाले मले लाज वाटते."

चहा तसाच राहिला. पुढच्या रविवारी नकार आला.

काकांनी पोथी फडक्यात बांधली आणि वेताची खुर्ची उचलून अंगणात नेऊन ठेवली. संध्याकाळी भट्टीचा तांबडा उजेड भिंतीवर पडला होता. मुलगी शाळेतून आली, तिने अंगणातली खुर्ची आत आणली, मूळच्या जागी ठेवली आणि स्वतः तिच्यात बसली.

"सोडा ती गाठ, बाबा. त्यायची बाजू आता माझ्याकडं. सांगा, सेवक कोण?"

काकांनी फडक्याची गाठ सोडली. मग नेहमीपेक्षा पुष्कळ हळू आवाजात त्यांनी सुरुवात केली. त्या संध्याकाळी मला कोणी खोकायला सांगितलं नव्हतं. तरी मी खोकलो.