बापू टोकेकरांची साइडकार

बापू टोकेकरांचं जानवं दिवसातला बराच वेळ उजव्या कानावर असे. गल्लीतून जाणारा नवखा माणूस त्याचा एकच अर्थ काढी आणि नजर वळवून पुढं जाई. खरं कारण वेगळं होतं. एकदा ते जानवं मोटरसायकलच्या चेनमध्ये अडकलं होतं आणि शेजारी मदतीला येईपर्यंत बापू चाकापुढं साष्टांग नमस्काराच्या बेतात असल्यासारखे ओणवे होते. तेव्हापासून इंजिनाला हात लावण्याआधी जानवं कानावर. "शास्त्रात चेनचा उल्लेख नाही," ते म्हणत, "पण भाव तोच."

नव्वदीच्या सुरुवातीला बँकेनं माझी बदली बनारसला केली. खोली मिळाली मुन्शी घाटाच्या मागच्या गल्लीत आणि बँक राहिली स्टेशनच्या पलीकडे. नाक्यावरचा पानवाला रामजतन म्हणाला, स्कूटर हवी तर पंडितजींना भेटा. मला वाटलं, मुहूर्त काढायला पाठवतोय. गेलो तर अंगणात धोतर खोचून एक किडकिडीत गृहस्थ कोपरापर्यंत रॉकेलमध्ये बुडालेले. समोर ताम्हणात बेअरिंगा, तांब्याच्या परातीत गिअर, पंचपात्रीत बारीक स्क्रू.

"ही देवाची भांडी ना?" मी विचारलं.

"रिटायर झालेली. पेन्शनीत एवढं काम करतात." मग वर बघून, "महाराष्ट्रातले? बसा गुरू. त्या टायरवर बसू नका, ओला आहे."

बापूंचा पेशा तीर्थोपाध्यायाचा. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना सकाळी दशाश्वमेधावर गाठायचं, त्यांचे विधी करायचे आणि लाल बासनातली वही उघडून त्यांचे खापरपणजोबा कोणत्या साली काशीला आले होते ते वाचून दाखवायचं. हे संपलं की दुपारपासून गाड्या. कुणा वकिलाच्या जिन्याखाली वीस वर्षं पडलेली, कुणा डॉक्टरच्या पोरांनी भंगारात काढलेली स्कूटर किंवा मोटरसायकल ते घरी आणत, सगळी उकलत, धूत, घासत, पुन्हा जुळवत आणि विकत. या गाड्यांसाठीही एक वही होती. गाडी कोणी घेतली, मग कोणाकडे गेली, कोणाच्या लग्नात नवरा हिच्यावर बसला, सगळं तिच्यात. गिऱ्हाइकाला ते आधी घराणं विचारत. माझ्या स्कूटरसाठी मला दोन रविवार तोंडी परीक्षा द्यावी लागली. "ही व्याकरणाच्या एका मास्तरांची," स्कूटर हाती देताना ते म्हणाले. "चाळीसच्या वर कधी गेलेली नाही. तुम्ही पन्नासवर न्याल तर घाबरेल." ती खरोखरच घाबरत असे, हे मी अनुभवानं सांगतो.

अंगणाच्या मधोमध एक जुनी विलायती मोटरसायकल होती आणि तिच्या बगलेत साइडकार. ही मात्र विक्रीला नव्हती. साइडकारचा डबा होडीसारखा, नाकाशी निमुळता, आत बापूंनी स्वतः शिवलेली निळी गादी. दुपारी मी त्यात जाऊन बसे. वर आकाशाचा चौकोन, त्यात एखादा पतंग. भिंतीपलीकडून कुणाच्या तरी रियाझाचा तेवढाच एक आलाप, नदीवरून येणारी ओली हवा, रॉकेलचा आणि उदबत्तीचा एकत्र वास. बापू कापडानं एकच बोल्ट पुसत राहत. गाडी जागची हलत नसे आणि तरी आपण कुठंतरी बरेच लांब आलो आहोत असं वाटे. बनारसमध्ये असं वाटण्यासाठी लोक पुष्कळ उपाय करतात. मला नुसती गादी पुरे.

ती गाडी काकूंसाठी होती. बापूंच्या पत्नी, कमलकाकू, सोळाव्या वर्षी लग्न होऊन या घरात आल्या. घाट रोज पाहिला, पण घाटावरून. आपला घाट, आपलं घर समोरच्या तीरावरून कसं दिसतं, ते एकदा बघायचं राहून गेलं होतं. बापू म्हणत, "उद्या जाऊ." अशी चाळीस वर्षं गेली आणि मग काकूंचे गुडघे गेले. पाठोपाठ छातीचं दुखणं आलं. डॉक्टरांनी बापूंना बाहेर बोलावून सांगितलं ते काकूंनी आत बसून ऐकलं.

घाटाच्या पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं, म्हणून नाव बाद. रामजतन म्हणाला, आम्ही खुर्चीत उचलून नेतो. काकूंनी ठाम नकार दिला. "या गल्लीतून चौघांच्या खांद्यावर एकदाच जायचं असतं. ते मी वेळेवर जाईन. तोवर मला बसून जायचंय." तेव्हा बापूंनी साइडकार शोधायला सुरुवात केली. ती मिळाली सुटे भाग होऊन, पोत्यातून. घेण्याआधी बापूंनी सुतळीला गाठी मारून गल्लीची रुंदी मोजली होती. दारात काकूंना बसवायचं आणि थेट हमरस्ता, तिथून नदीवरच्या तरंगत्या पिप्यांच्या पुलावरून पलीकडे. सगळं हिशेबात बसत होतं.

मधे एका मठाचे महाराज आले. म्हणजे महाराज आले नाहीत, त्यांचे दोन शिष्य आणि एक चांदीची काठी आली. शोभायात्रेत महाराजांना या गाडीतून मिरवायचं होतं. "महाराजजी जिस पर बैठ जाएँ, वो चीज धन्य हो जाती है," एक शिष्य म्हणाला. बापूंनी हात जोडले. "गाडी बुक है, भाई."

"किसके नाम से?"

"हमारी श्रीमतीजी के."

काठीवाला आतल्या दाराकडे बघत राहिला. "अहो, त्यांना निदान चहा तरी द्या," काकू आतून म्हणाल्या. "पायी परत जायचंय बिचाऱ्यांना."

जुळवणीला तीन वर्षं लागली. पौषातल्या एका सकाळी गाडी दाराबाहेर काढली. काकू शाल घेऊन उंबऱ्याशी बसलेल्या. बापूंनी पुन्हा सुतळी लावली. गल्लीच्या वळणावर वाट चार बोटं कमी पडली. बापू वळणाकडे बघत उभे राहिले आणि मग तिथंच खाली बसले.

वळणावर नुक्कडबाबा होते. दोन वर्षांपूर्वी तिथं फक्त एक काळा दगड होता आणि तो बापूंचाच होता. वाकलेले मडगार्ड त्यावर ठेवून ते ठोकत. माघात ते एका यजमानांबरोबर महिनाभर प्रयागला गेले आणि दगड वळणावरच विसरले. परत आले तर दगडाला शेंदूर, वर घंटा, पुढं दहा-बारा बायका. सगळ्यांनी त्यांनाच धरलं, पंडितजी, विधिवत प्रतिष्ठा करा. बापूंनी दगड ओळखला, पण इतक्या भक्तीपुढं हातोड्याची गोष्ट काढायला जीभ रेटेना. केली प्रतिष्ठा. पुढं भोवती ओटा आला, फरशी आली, जाळी आली. बापू येता-जाता नमस्कार करत आणि सुतळीची आठवण त्यांना एकदाही झाली नाही.

"बापू, दगडच आहे तो. तुमचाच," मी म्हटलं.

"होता."

"मग थोडा सरकवा."

"अचल प्रतिष्ठा केलीय हो मी! चल केली असती तर उत्तरपूजा करून उचलला असता. जोशात सगळी अचल करून बसलो. प्राण मीच घातलेत, आता काढू कुठल्या मंत्रानं?"

देवाधर्माच्या बाबतीत मी तसा कोरडा माणूस. पण त्या वेळी वाद घालावासा वाटला नाही. साइडकार सोडवून रस्त्यावर पुन्हा जोडता आली असती. काकूंना तिथवर कसं न्यायचं, हा प्रश्न होता तिथंच राहिला. धुकं इतकं दाट होतं की उंबऱ्यावरून काकूंना वळण दिसतही नसावं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नुसता डबा सुटतो का हो?" त्यांनी विचारलं.

"चार बोल्ट."

"मग सोडवा. मी आत बसते. उचला."

बापू उठून उंबऱ्याशी आले. "तूच म्हणालीस ना, चौघांच्या खांद्यावर..."

"म्हणाले होते. डॉक्टरही बरंच काही म्हणाले होते. सगळ्यांचं खरं करत बसलं तर पौष संपेल."

मोटरसायकल आणि सांगाडा वेगवेगळे रस्त्यावर गेले. डब्याखाली दोन बांबू घातले. रामजतन, दूधवाला, एक नाववाला आणि मी असे चौघं लागलो. काकू निळ्या गादीवर, शाल डोक्यावरून घेतलेली. बापू पुढं "बाजू, बाजू" ओरडत निघाले. त्या गल्लीत बांबू आणि चार खांदे यांचा एकच अर्थ होतो. धुक्यातून लोक भिंतीला चिकटून उभे राहत, हात जोडत. एका म्हाताऱ्यानं "राम नाम" एवढं म्हटलं आणि काकूंनी शाल मागं सारली.

"अभी नहीं, भैया. अभी तो घूमने जा रही हूँ."

म्हातारा ओट्यावर मटकन बसला. नुक्कडबाबांच्या वळणावर आम्ही डबा जाळीच्या वर उचलला आणि काकू हसत हसत त्यांच्या डोक्यावरून तरंगत गेल्या. जाताना त्यांनी खाली बघून नमस्कार केला. बापूंनीही केला, जरा ओशाळून.

हमरस्त्यावर डब्याचे चार बोल्ट पुन्हा आवळले आणि निघालो. पिप्यांचा पूल पाण्यावर हलकेच हलत होता. मी बापूंच्या मागं, काकू बगलेत. दोन्ही तीर गेलेले, पाणीही गेलेलं, नुसता पांढरा कापूस आणि त्यात इंजिनाचा संथ ठोका. पलीकडच्या रेतीत टणक जागा बघून बापूंनी गाडी थांबवली. आम्ही वाट बघत बसलो. बऱ्याच वेळानं धुकं खालून विरलं. आधी पायऱ्या आल्या, आधाराशिवाय, हवेत. मग छत्र्या, अहिल्याबाई घाटाच्या भिंती, मग वर दाटीवाटीनं घरं. सगळं गाव हाताच्या तळव्यावर मावेल एवढं.

काकूंनी डब्याच्या कडेवर दोन्ही हात टेकले आणि मान पुढं काढली. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. तोवर माझी बदली झालेली होती, त्या दुसऱ्या खेपेला खांदा द्यायला मी नव्हतो. ते पत्रातून कळलं. मी विचार करतो तो त्या सकाळचाच.

"आपलं घर कुठलं हो?" त्यांनी विचारलं.

बापूंनी बोट दाखवलं, मग डावीकडे सरकवलं, मग पुन्हा उजवीकडे. दुसऱ्यांच्या सात पिढ्या तोंडपाठ असलेल्या माणसाला आपलं घर सापडेना. ते डोळ्यांवर हात धरून दोन पावलं पुढं गेले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "नका शोधू एवढ्यात. सापडलं की निघू म्हणाल."

बापू वळले. काशीकडे पाठ करून रेतीत बसले, जानवं कानावर चढवलं आणि ज्यात काडीचाही बिघाड नव्हता तो प्लग काढून, धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसायला लागले.