मामा उतरले की शाफ्ट निघतो

“पाहुणे रुसले वाटतं,” मुरुडच्या वेशीवर नवरीकडचं कोणीतरी हळूच म्हणालं.

पाहुणे रुसले नव्हते. त्यांना जीपमधून उतरायची बंदी होती, आणि ती मी घातली होती.

नवरदेव म्हणजे माझा दादा. सासरी आपली जीप सगळ्यांच्या वर दिसावी म्हणून त्याने नांदेडला स्प्रिंगा बदलून ती वीतभर उचलून घेतली. प्रश्न शाफ्टचा होता. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा हा दांडा. गाडी वर गेली की तो आखूड पडतो. दादाने लांबी तपासली होती. फक्त तपासली ती हळदीच्या दिवशी, अख्खं खानदान फोटोसाठी जीपमध्ये चढलेलं असताना! त्या भाराने जीप खाली बसलेली, त्यामुळे शाफ्ट अगदी मापात. संध्याकाळी दादा एकटाच अर्धापूरपर्यंत चक्कर मारायला गेला आणि केळीच्या बागेपाशी शाफ्ट निखळून रस्त्यावर पडला. (हळद लागलेल्या नवरदेवाला घराबाहेर का सोडत नाहीत, ते तेव्हा कळलं.)

नवा शाफ्ट करायला वेळ नव्हता. दादाने जुनाच परत बसवला आणि मागे थोरले काका आणि मामा ठेवले. आमच्या घरात याहून भरीव काही नाही. मलाही त्यांच्या शेजारी बसवलं आणि म्हणाला, “मांडवापर्यंत ह्यांना उतरू देऊ नको. कारण बी सांगू नको. मामाला कळलं म्हणजे सासऱ्याला कळलं.”

मी एरवी फारशी बोलतच नाही. त्यामुळे नुसतं “उतरू नका” म्हटलं तरी दोघं घाबरून गपगार बसले.

सीमांतपूजन मात्र कोणाच्याच लक्षात नव्हतं. वेशीवर दादा पुढून उतरला, त्याला ओवाळलं. बाबा मागच्या गाडीतून येऊन व्याह्यांना भेटले. मग मामा-मामांची गळाभेट. नवरीचे मामा टॉवेल-टोपी घेऊन जीपपाशी आले. आमच्या मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही अशी मान हलवली. त्यांनी बसल्या जागेवरून हात पुढे केला.

टॉवेल पसंत पडला नाही असं समजून शाल आली. काका ओशाळून जरा उठले, तर खालून कुईं असा आवाज आला. मी सदरा धरून त्यांना खाली ओढलं. ते सगळ्या मुरुडने पाहिलं. बँड थांबला.

नवरीच्या वडिलांनी हात जोडले. “आमचं काही चुकलं असंल तर इथंच सांगा. पण वेशीवरून माघारी जाऊ नका.” नवरीच्या आईने डोळ्याला पदर लावला. बाबा माझ्याकडे बघत होते. दादा मुंडावळ्यांमागून नको नको अशी मान हलवत होता.

आयुष्यात पहिल्यांदा मी गर्दीपुढे मोठ्याने बोलले.

“कोणी रुसलेलं नाही. गाडी उंच झालीय, शाफ्ट आखूड पडलाय. काकांना, मामांना आणि मला वजन म्हणून आणलंय.”