आई गावाला गेलीय

भिवंडीत राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी विरजण मागायला शेजारचं दार वाजवलं. पाच वर्षांच्या सोहमने दार उघडलं आणि गंभीरपणे सांगितलं, "आई गावाला गेलीय." त्याच्या मागे, हातभर अंतरावर, एक बाई डोक्यावरून टॉवेल घेऊन भिंतीकडे तोंड करून वहीत काहीतरी लिहीत बसली होती. "मग ती कोण?" मी विचारलं. सोहमने वळून नीट पाहिलं. "तीच. पण ती गावाला गेलीय. दहा मिनिटांनी येईल." टॉवेल हलला नाही. दहा मिनिटांनी मात्र वाटीत विरजण घेऊन ती बाई माझ्या दारात उभी. "आता आले बघा गावावरनं," मंदाताई हसत म्हणाल्या.

मंदाताई गरम पाण्याच्या कुंडांच्या अकलोलीच्या. दापोड्याच्या एका गोदामात पार्सलांवर लेबलं चिकटवायची ड्युटी. सकाळची शिफ्ट संपली की पाळणाघरातून सोहम आणि दोन वर्षांची परी यांना उचलायचं, आणि मग झोपेपर्यंत दोघं अंगाला चिकटलेली. या सगळ्यात बाईंना हळदीची गाणी रचायचा नाद. त्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलेलं. "हळदीला डीजे बंद करून माझ्या ताईचं नवं गाणं होणार," असं बहिणीने गावभर सांगून ठेवलं होतं. गाणं झालं नसतं तर बहिणीची मान खाली गेली असती, आणि मंदाताईंना माहेरात तोंड दाखवायची सोय उरली नसती. म्हणून तो टॉवेल. टॉवेल डोक्यावर असेपर्यंत आई घरात नाही. रक्त आलं किंवा काही पेटलं तरच हाक मारायची.

त्यांचे यजमान रघुनाथभाऊ स्वतःचा टेम्पो चालवायचे. माणूस भला, पण एकदा मी तिथे बसले असताना चहाला उशीर झाला तेव्हा म्हणाले, "गाणं काय पळून चाललंय?"

"गाणं न्हाय पळत. सकाळपासनं मी पळते," टॉवेलातून आवाज आला. "ते कुणाला दिसत न्हाय. धा मिंटं बसलेली तेवढी दिसते."

रघुनाथभाऊंनी उठून स्वतःचा चहा ठेवला. माझाही ठेवला. साखर विसरले, तो आम्ही तसाच प्यायलो.

नियम दोन्ही बाजूंनी चालायचा. सोहम खोक्यांचा ट्रक बनवत होता. मंदाताईंनी जेवायला हाक मारली, तर खोक्यातून उत्तर आलं, "मी गावाला गेलोय." मी असते तर कान धरून ताटावर आणला असता. मंदाताईंनी ताटावर झाकण ठेवलं. "मी जाते तवा तो थांबतो न्हाय का?" असं म्हणून त्या थांबल्या. पोळी गार झाली.

पण त्यांना कोणी देवी समजू नये. परीचा त्या गावावर अजिबात विश्वास नव्हता. ती टॉवेलाचं टोक उचलून आत डोकं घालायची, "भोऽ!" आणि मग मंदाताईंचं ओरडणं भिंतीपलीकडे मला ऐकू यायचं. एकदा त्या डोळे पुसत बाहेर आल्या. "गाणंबी बोंबललं, पोरगीबी बोंबलली. काय खरं न्हाय माजं."

माझा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. मी पूर्वी चित्रं काढायचे. "बाळामुळे सुटली हो," असं मी सगळ्यांना सांगायचे, आणि सांगताना मला थोडं बरंही वाटायचं. मंदाताईंनाही सांगितलं. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

हळदीला तीन दिवस राहिले आणि परीला ताप भरला. शेवटचं कडवं अडलेलं. सोहमला माझ्याकडे घेऊन यावं म्हणून मी गेले, तर टॉवेलाखाली दोन डोकी होती. "आज दोघीपण गेल्यात," सोहम कुजबुजला. टॉवेलातून तेच तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा गुणगुणल्याचा आवाज येत होता, मधूनच परीचं कण्हणं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. त्याच्या दुसऱ्या दिवशी कडवं झालं.

हळदीला मीही अकलोलीला गेले. डीजे खरंच बंद झाला. मंदाताई परीला कडेवर घेऊनच उभ्या राहिल्या, कारण ती खाली उतरेना. पहिल्या ओळीला सूर चुकला, मग सापडला.

"ऊन ऊन कुंडामंदी बहीण माजी न्हाली,
हळद तिच्या अंगाची गं पाण्यालाबी आली."

दुसऱ्यांदा बायकांनी ओळ उचलली. नवरी रडत होती, हसत होती. मला तर अभिमानाने भरून आलं, जणू गाणं मीच रचलं होतं.

नंतर एक म्हाताऱ्या काकी म्हणाल्या, "पोरांमुळंच सुचलं गो तुला येवडं."

मंदाताई परीचं नाक पुसत होत्या. "पोरांमुळं न्हाय काकी. पोरं असूनबी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पण मला कानशिलात बसल्यासारखं झालं. बाळाच्या नावावर मी वर्षभर काय काय खपवत होते!

चार महिन्यांनी त्यांना गोदामाजवळ खोली मिळाली. सामान भरून झालं, खाली रघुनाथभाऊ हॉर्न वाजवू लागले आणि मंदाताई निरोप घ्यायला आत आल्या. "चित्र काढलं का वहिनी?"

"कुठलं हो, बाळामुळे…" म्हणता म्हणता मी जीभ चावली.

त्यांनी माझ्या कडेवरचं मूल काढून घेतलं आणि फरशीवर मांडी घातली. "बसा. धा मिंटं."

"अहो, खाली टेम्पो…"

"टेम्पो घरचा हाय. थांबंल."

हॉर्न वाजतच राहिला. मी कपाटावरून वही काढली, टोक गेलेली एक पेन्सिल शोधली आणि बसले. दहा मिनिटांत मंदाताईंचं नाक आणि ते धरायला पुढे आलेला माझ्या मुलाचा हात, एवढंच झालं. तो पोटात होता तेव्हापासून मी काढलेलं ते पहिलं चित्र.

मंदाताईंनी वही हातात घेतली.

"नाक लई मोठं काढलंत," त्या म्हणाल्या. "डोळं उद्या काढा." आणि मूल माझ्या हातात देऊन त्या जिना उतरून गेल्या.