मोजलेली माणसं

"मोजलंय, का अंदाज हाय?"

हे विचारताना त्याचं पेन कागदापासून बोटभर वर थांबलेलं असायचं. समोरचा "मोजलंय" म्हणाला तरच ते खाली टेकायचं. कुणी "अंदाजे" म्हणालं, तर तो पेनाला टोपण लावायचा आणि म्हणायचा, "मग ऱ्हाऊ दे. नंतर बघू."

रोह्यात कुंडलिकेच्या पुलाजवळ आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. मी तिथली ग्रंथपाल. एका गुरुवारी सकाळी तो आला. वय पस्तिशीच्या आसपास, अंगात कंपनीचा निळा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत छापील प्रश्नावल्यांचा गठ्ठा. नोकरी सांभाळून, घरी अभ्यास करून तो ग्रंथालयशास्त्राची पदवी घेत होता. शेवटच्या वर्षाला एक लघुप्रबंध लिहावा लागतो. त्याने विषय घेतला होता तो असा: पेण आणि रोहा तालुक्यांतल्या वाचनालयांत माणसं खरोखर किती येतात आणि येऊन काय करतात.

"ताई, रोज वाचक किती येतात?"

"साठेक."

पेन वरच राहिलं. "मोजलंय, का अंदाज हाय?"

"नोंदवही आहे की," मी म्हटलं आणि टेबलाचा खण हळूच लोटून बंद केला.

खण का लोटला, ते आधीच सांगून टाकते. वाचनालयाला सरकारी अनुदान मिळतं ते त्याच्या वर्गानुसार, म्हणजे अ, ब, क, ड अशा श्रेणीनुसार. वर्ग टिकवायचा, तर तपासणीच्या वेळी रोजच्या वाचकांची वही भरलेली दिसावी लागते. मोबाइल आले आणि माणसं गळत गेली. आमचे कार्यवाह निवृत्त मुख्याध्यापक. एका संध्याकाळी वही चाळता चाळता ते म्हणाले, "बाई, एवढ्या ओळी रिकाम्या बऱ्या दिसत नाहीत." बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून दार लावायच्या आधी मी जुन्या सभासदांची नावं लिहून त्यांच्या सह्या करायला लागले. खणात त्यासाठी तीन वेगळी पेनं ठेवली होती. एक निळं, एक काळं आणि एक शाई गळणारं. शाई गळली की सही जास्त खरी वाटते.

आणि आता हा माणूस दाराशी टेबल मागत होता.

त्याचं गाव पेणजवळ, खाडीकडेचं. वडील मिठागरावर राबलेले. तो स्वतः डोलवीला कंपनीत कंत्राटावर, स्टोअरमध्ये. हजारो सुटे भाग, प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाचा खण ठरलेला. "ताई, एखादं बेरिंग चुकीच्या खणात गेलं तर काय व्हतं ठाव हाय? ते हरवत नाय. असतंच तिथं. पण सापडत नाय. पुस्तकाचं तेच हाय. म्हणून वळलो इकडं."

दुसरं कारण त्याने बऱ्याच दिवसांनी सांगितलं. "आमच्या गावात वाचनालयाचा बोर्ड व्हता. आत एक काचेचं कपाट. त्याचं कुलूप उघडलेलं मी कधी बघितलं नाय. काचेला नाक लावून पुस्तकांची नावं वाचायचो नुसती. पण कागदावर आमच्या गावात रोज पन्नास माणसं वाचत व्हती."

तो माझ्याकडे बघून बोलत नव्हता. तरी मी उगाचच पदर सारखा केला.

त्याची साप्ताहिक सुट्टी शिफ्टप्रमाणे बदलायची. सुट्टी आली की पेणहून पहिली मिळेल ती एसटी धरून तो यायचा आणि दाराशी बसायचा. माणूस आत आला की एक उभी रेघ. पाचवी रेघ आडवी. पुढे रकाने: पेपर, पुस्तक बदलणे, अभ्यास, मोबाइल चार्जिंग, पंखा. हो, पंखा. उन्हाळ्यात नुसते पंख्याखाली बसायला येणारे लोक तुम्हीही कुठे ना कुठे पाहिले असतील. आम्ही त्यांना वाचक म्हणतो. तो म्हणायचा नाही.

एक आजोबा रोज दहाला येत, पेपर उघडत आणि त्याच्या आड झोपी जात. तो उठून माझ्याकडे आला आणि कुजबुजला, "ह्यांना कशात धरू?"

"वाचकात धरा हो. पेपर आहे ना हातात."

"डोळे मिटलेले हाईत, ताई."

पंधरा मिनिटं तो घुटमळला. मग रकान्याला नाव दिलं, 'विश्रांती'. आजोबा जागे झाल्यावर त्यांनी तो कागद पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "पहिल्या पानापर्यंत वाचतो मी. अर्धी रेघ इकडे, अर्धी तिकडे मार." त्याने खरंच तसं करता येईल का याचा विचार केला. मला हसू आवरेना.

पण एक गोष्ट त्यानेच आम्हाला दाखवली. पुलापलीकडच्या अष्टमी गावातल्या बायका पुस्तक नेतात, ते एका घरात थांबत नाही. नावावर एकीच्या, वाचून होतं चौघींचं. तो त्यांच्या मागे मागे प्रश्न विचारत गेला आणि परत येऊन कागदावर छोटी छोटी घरं काढून रेघांनी जोडली. "ह्या तुमच्या वहीत नाईत," तो म्हणाला. "ह्या धरायला पायजेत."

त्याच्या पहिल्या महिन्याचा हिशेब पुरा झाला तेव्हा दिवसाला सरासरी बावीस माणसं भरली. माझ्या वहीत साठ. त्याने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्या आठवड्यात मला नीट जेवण गेलं नाही.

मग त्याने वही मागितली. वहीतली काही नावं निवडून त्यांच्या घरी जाऊन प्रश्नावली भरून घ्यायची होती. नाही कशी म्हणू? देताना एवढंच म्हटलं, "काही पत्ते जुने असतील हां."

संध्याकाळी चारच्या सुमाराला तो परत आला. पिशवी खाली ठेवली नाही, उभाच राहिला.

"ताई, अष्टमीत एका घरी गेलो. काकींनी दार उघडलं. मी विचारलं, तुमचे मालक वाचनालयात काय वाचतात? त्या म्हणल्या, ते जाऊन दीड वर्ष झालं."

त्याने वही टेबलावर ठेवली.

"मी म्हटलं, चुकलं असंल. तर त्यांनी वहीतली तारीख विचारली. मी सांगितली, गेल्या सोमवारची. ताई, त्या मना विचारतात, 'सोमवारी आलते का रे ते?' खरंच असं विचारलं. जसं काय आलेच असते."

मी वही उचलून खणात ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्या बाई स्वतः आल्या. सत्तरीच्या, काठीच्या आधाराने पूल ओलांडून. त्याची त्या दिवशी सुट्टी नव्हती, पण शिफ्ट बदलून घेऊन तोही आला होता. त्याला वाटलं होतं, त्या येणार. त्या माझ्या टेबलासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाय, त्यांची सही बघायची व्हती."

मी वही उघडली. बोटं पानाला चिकटत होती. सोमवारचं पान काढलं. त्यांनी चष्मा पुसला, नाव शोधलं आणि त्या सहीवरून बोट फिरवलं. मग मान वर केली.

"ते सहीखाली रेघ मारायचे. तू नाय मारलीस गो."

रागावल्या असत्या तर मी काहीतरी बोलले असते. "माझं चुकलं," एवढंच तोंडातून निघालं. तो मागच्या कपाटाकडे गेला, जुन्या वह्या उपसल्या, दोन वर्षांपूर्वीची एक शोधून काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. "ही त्यांची हाय, काकी. हिच्याखाली रेघ हाय." बाई त्या पानावर हात ठेवून बराच वेळ बसल्या. जाताना माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. ती माफी होती की निरोप, मला अजून कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी तिन्ही पेनं टाकून दिली. कार्यवाह भडकले. "तपासणी तोंडावर आली आहे, बाई! वर्ग खाली गेला तर जबाबदार कोण?" मी टोपली बाहेर नेऊन रिकामी केली. पण मनातून मी फार घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाने करायचं तेच केलं. पुढच्या खेपेला तो आल्यावर त्याला गळ घातली. "आमचं वाचनालय प्रबंधातून गाळा ना. बाकीची आहेतच की."

"नाव नाय लिवणार, ताई. आकडा लिवणार."

"रोह्यात पुलाजवळ म्हटलं तरी ओळखतील लोक."

"पूल पण नाय लिवणार." मग पिशवी खांद्याला लावत म्हणाला, "पण आकडा गाळला, तर मग मी केलं काय एवढे महिने?"

मी त्याच्याशी त्या दिवशी परत बोलले नाही. चहाही विचारला नाही. ते आजही बोचतं.

पुढे दोन-तीन आठवडे तो आलाच नाही. मला वाटलं, सुटले. मग एका दुपारी, कामाचा दिवस असताना, तो दारात उभा. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पिशवीतून प्रश्नावल्यांचा जाडजूड गठ्ठा काढून त्याने माझ्या टेबलावर ठेवला.

"मार्गदर्शक सर म्हणतात, तुझे आकडे सरकारी आकड्यांशी जुळत नाईत आणि फॉर्म पण कमी हाईत. शंभर कर, मग सही करतो. मुदत सोमवारी संपते. पेणच्या बाजूला एका कॉलेजात लायब्ररीत जागा निघालीय, ताई. निकाल हातात नसंल तर अर्जच नाय करता येत. आणि पुढच्या वर्षी माझं वय बसत नाय."

मी वरचा फॉर्म उचलला. दुसरा उचलला. सगळीकडे बरोबरच्या खुणा सारख्याच तिरक्या, एकाच हाताच्या.

"चाळीस मीच भरले. दोन रात्री बसून. बायकोला पण सांगितलं नाय." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "एक विचारू? तुम्ही सह्या करायचात तवा हात नाय कापायचा?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. खोटं बोलणं सोपं होतं, आणि माझ्या सोयीचंही. त्याने ते चाळीस फॉर्म दिले असते, तर आमचा बावीसचा आकडा त्या ढिगात कुठच्या कुठे बुडून गेला असता. माझा वर्ग, माझी खुर्ची, सगळं राहिलं असतं. त्याची नोकरीही.

"पहिल्या दिवशी कापला," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी थोडा. मग नाही कापला. मग तर ती काकींच्या माणसाची सही करताना मला त्यांचा चेहराही आठवला नाही."

तो समोरच्या खुर्चीत बसला. बाहेरून पुलावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग त्याने गठ्ठा ओढला आणि एकेक फॉर्म फाडायला सुरुवात केली. घाईने नाही, रागानेही नाही. प्रत्येक फॉर्म आधी पुन्हा वाचायचा, त्यातला एखादा खरा तर नाही ना, हे बघायचा आणि मग फाडायचा. मी केराची टोपली पुढे सरकवली. मग त्याच्यासाठी चहा मागवला.

त्याची मुदत हुकली. कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. प्रबंध पुढच्या सत्रात गेला, खरे तेवढेच फॉर्म जोडून आणि रेघांचे सगळे कागद मागे लावून. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, एवढे कमी वाचक कसे? "म्हटलं, सर, बसून मोजले," त्याने फोनवर सांगितलं. "मग त्यांनी ती घरांची चित्रं दोनदा बघितली. पास केलं." आवाजात आनंद होता की थकवा, फोनवर ओळखता आलं नाही.

आमची तपासणीही झाली. खऱ्या वह्या दाखवल्या. वर्ग एक पायरी खाली आला आणि शिपायाची जागा गेली. आता कुलूप मीच उघडते, झाडून मीच काढते. कार्यवाह बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. प्रत्येक तपासणीच्या आधी मला अजून धास्ती वाटते. फक्त आता कुणासमोर खण लोटावा लागत नाही.

गेल्या वर्षी त्याचं कंपनीतलं कंत्राट संपलं. गुजरातेत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम मिळालं, म्हणून तो निघाला. बायको आणि मुलगी पेणलाच राहिल्या. जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडून नेलेली दोन पुस्तकं परत करायला आला. मी म्हटलं, "असू दे की, वाच तिकडे." पहिल्यांदाच त्याला 'अरे-तुरे' केलं, ते माझ्याही नंतर लक्षात आलं.

"नको, ताई. दुसरं कुणी मागंल."

पदवीचं काय करणार, असं मी विचारणार होते. विचारलं नाही. त्यानेच दारात चपला घालता घालता सांगितलं, "जाहिरात दिसली कुठं, तर कळवा. वयाची अट नसंल अशी." आणि हसला. मी हो म्हटलं. रोज पेपरात बघते. अजून तशी दिसलेली नाही. सुरुवातीला त्याचे फोन यायचे. आता मी केला, तर नंबर बंद असल्याचं ऐकू येतं.

त्या दिवशी पुस्तकं देऊन तो गेला तेव्हा मी खिडकीत उभी होते. पिशवी हलकी होती, तरी सवयीने त्याचा खांदा तिरका होता. पुलाच्या मध्यावर समोरून एसटी आली आणि तो कठड्याला टेकून उभा राहिला. गाडी हळूहळू पुढे सरकली. ती गेली तेव्हा कठड्याजवळ कुणी नव्हतं. पलीकडे, अष्टमीच्या बाजूला, बाजाराला निघालेली पाच-सहा माणसं चालली होती, आणि त्यांतला तो कोणता, हे मला इतक्या लांबून सांगता येईना.